उर्मिलाचं बोळकं

नाथा पाष्टेला बायकोचा संशय आला तो तिच्या जिभेवरून. जीभ निळी होती. फिकट बिकट नाही, दौतीत बुडवून काढल्यासारखी निळी. बुधवारी संध्याकाळी चहाचा कप पुढे करताना उर्मिला काहीतरी बोलली आणि नाथाला ती जीभ दिसली.

"हे काय गं? जीभ निळी झालीय तुझी."

उर्मिलाने पटकन तोंड मिटलं. मग कपाटाकडे बघत म्हणाली, "गोळा खाल्ला. काला खट्टा. जेसल पार्कला, चौपाटीवर."

आता उर्मिला सत्तावन्न वर्षांची, वर साखरेची पेशंट. चहात अर्धा चमचा साखर जास्त पडली तर कप परत करणारी बाई. ती म्हणे भर उन्हात रिक्षा करून गोळा खायला गेली! आणि नाथाचं म्हणणं असं, की वडापाव माणूस एकटा खाईल, आईस्क्रीमही एकटा खाईल, पण गोळा कोणी एकट्याने खात नाही. गोळ्याला सोबत लागते. 'कोणाबरोबर?' हा प्रश्न त्याच्या ओठांवर आला होता, तो त्याने चहाबरोबर गिळला आणि तोंड भाजून घेतलं.

नाथाचा स्वभाव मुळातच जळका, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. तरुणपणी दूधवाल्याचा आवाज गोड आहे असं उर्मिला एकदा सहज म्हणाली, तर पुढच्या महिन्यापासून घरात पिशवीचं दूध सुरू झालं. तिला कोणी बहीण मानलं तरी याला राग, कोणी नाही मानलं तरी राग. लोक वयाबरोबर निवळतात म्हणतात. नाथा साठीला आला होता, पण निवळण्याचं नाव नव्हतं.

धंद्याने तो कवळ्या बनवायचा. भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीत घर आणि घरापासून पाच मिनिटांवर तळमजल्यावरचा एक गाळा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. नाथा त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा, मेणात एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरून शिजवायचा आणि घासून आरशासारखी चकचकीत करून कवळी डॉक्टरकडे धाडायचा. गुहागरहून आलेल्या या माणसाने सव्वीस वर्षांत अर्ध्या भाईंदरच्या म्हाताऱ्यांना पुन्हा चावायला लावलं होतं. लग्नाच्या पंगतीत तो जेवणाकडे कमी आणि लोकांच्या तोंडाकडे जास्त बघायचा.

पण त्याच्या हातचं सगळ्यांत सरस काम म्हणजे उर्मिलाचे दात. चार वर्षांपूर्वी साखरेने आणि हिरड्यांनी मिळून तिचे उरलेसुरले दात घालवले, तेव्हा बाकीची सगळी कामं बाजूला सारून नाथा तीन आठवडे तिच्याच कवळीला बसला. पुढचे दोन दात त्याने तीनदा बदलले. कवळी बसली, तिने आरशात पाहिलं, आणि नाथा मागून म्हणाला, "लग्नात दिसत होतीस त्याहून छान दिसतेस."

खरं बोलला होता बिचारा, पण नवऱ्यांनी अशी वाक्यं जरा जपून बोलावीत. त्या दिवसापासून उर्मिला बिनदातांची नाथाला कधी दिसली नाही. सकाळी बाथरूमचं दार लावून कवळी धुवायची, तिथेच लावायची, मगच बाहेर यायची. नाथाला वाटायचं, आपल्या कामाची किती कदर करते ही! गणपतीला गावी गेलं की तो भावकीसमोर तिला म्हणायचा, "जरा हसून दाखव गं." रोज संध्याकाळी घरी आला की तिची हनुवटी धरून चेहरा ट्यूबलाईटकडे वळवायचा आणि दात नीट टेकतायत ना ते बघायचा. यालाच तो संसार म्हणायचा.

तर अशा या माणसाच्या मनात बुधवारी पाल चुकचुकली, आणि गुरुवारी सकाळी समोरच्या ममताबेनने संशयात भर घातली. लिफ्टची वाट बघताना म्हणाली, "नाथाभाई, भाभी आजकाल एकदम टीपटॉप हां! सोमवारी चार वाजता रिक्षा, काल पण चार वाजता रिक्षा. उद्या पण जाणार म्हणे. मैंने पूछा, कहाँ चली भाभी? तर नुसती हसली."

"कुठे जाते?" नाथाने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता.

"अरे, मला काय माहीत? तुम्ही विचारा ना. नवरा कोण आहे, मी का तुम्ही?"

त्या दिवशी गाळ्यात नाथाने एका कवळीचे दोन सुळे अदलाबदल करून बसवले. सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. सुळे उपटून परत बसवताना त्याच्या डोळ्यांसमोर चौपाटीवरचा बाक, बाकावर उर्मिला आणि तिच्या शेजारी गोळा चोखणारा एक माणूस असं चित्र येत होतं. त्या माणसाला चेहरा नव्हता, पण दात होते, आणि ते त्याचे स्वतःचे होते.

शुक्रवारी पावणेचारला गाळ्याचं शटर अर्धं ओढून नाथा इमारतीच्या कोपऱ्यावर उभा राहिला. उर्मिला खाली आली. अंगावर आमसुली साडी, जी तिने संचिताच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, डोहाळजेवणानंतर नेसली नव्हती. तिने रिक्षा केली. नाथाने मागची रिक्षा धरली.

"वो आगेवाली रिक्षा के पीछे लो."

"क्या हुआ अंकल, कोई भाग गया क्या?"

"बीवी है मेरी."

रिक्षावाल्याने गाडी अशी जीव तोडून हाकली की जणू त्याचीच बायको पुढे होती.

जेसल पार्कला उर्मिला उतरली. गोळ्याच्या गाड्यांकडे तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणजे गोळा खोटा होता! नाथाला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच दुप्पट वाईट वाटलं, कारण गोळा खोटा तर मग खरं काय? ती एका इमारतीत शिरून जिना चढली. नाथाने खालूनच पहिल्या मजल्यावरची पाटी वाचली. डॉ. विपुल म्हात्रे, दंतचिकित्सक.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरा कोणीही पुरुष त्याने एक वेळ सोसला असता, पण हा नाही! या विपुलच्या आधी त्या दवाखान्यात एक वयस्क डॉक्टर होते, आणि ते डोळे झाकून सगळी कामं नाथाकडे पाठवायचे. मिठागरवाल्या म्हात्र्यांचा हा नातू शिकून आला, त्याने दवाखाना घेतला, आणि नाथाकडे येणारी मापं बंद झाली. विपुलच्या कवळ्या आता अंधेरीला मशिनवर कोरून यायच्या. मशिनला हात नसतो, मशिनला डोळा नसतो, असं नाथा भेटेल त्याला सांगायचा. पोरगा चौतीस वर्षांचा, उंच आणि दिसायला बरा होता, हे तर आणखीच वाईट.

नाथा जिना चढला. बाहेरची खोली रिकामी होती. आतलं दार अर्धं उघडं होतं, आणि आतून उर्मिलाच्या हसण्याचा आवाज आला.

"हसू नका काकू, प्रकाश हलतो," विपुल म्हणाला.

नाथाने डोकावलं. खुर्चीवर उर्मिला आडवी, डोळ्यांवर मोठा जाड चष्मा. विपुल तिच्या तोंडात पेनासारखं काहीतरी धरून वाकलेला, आणि त्या पेनाच्या टोकाचा लालभडक उजेड तिच्या टाळूवर पडलेला. ओठांच्या कडेला निळा ओघळ होता. बाजूला स्टीलच्या ताटलीत नाथाने बनवलेल्या दोन्ही कवळ्या ठेवलेल्या होत्या. आणि तोंड उघडं होतं. ज्या तोंडासाठी नाथाने तीन आठवडे जागेवरून न हलता काम केलं होतं, ते तोंड तिने या पोरासमोर सताड उघडलं होतं, रिकामं, आणि वर ती हसत होती.

नाथा खाकरला.

उर्मिलाने मान वळवली. तिचा हात झटकन वर आला, पदर तोंडावर गेला आणि चेहरा भिंतीकडे. दुसरा हात ताटलीकडे चाचपडत निघाला.

"काकू, कवळी आत्ता नको. अजून दोन मिनिटं बाकी आहेत," विपुल म्हणाला. मग त्याने दाराकडे पाहिलं. "अरे, नाथाकाका! या ना."

नाथा दोन पावलं आत आला. उर्मिलाने पदर आणखी घट्ट धरला. विपुलने तिला दोनदा विनवलं, पण ती तोंड उघडेना. शेवटी तो अवघडून म्हणाला, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का? तुमच्यासमोर त्या तोंड उघडत नाहीयेत."

नाथा बाहेर येऊन बसला. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर त्याला बायकोपासून लांब बसायला सांगितलं होतं, आणि तेही कोणी, तर मशिनवर कवळ्या करणाऱ्या पोराने! भिंतीवर दात कसे घासावेत याचं चित्र होतं. ते फाडून टाकावं असं त्याला वाटलं. दारापलीकडे आता कोणी हसत नव्हतं, आणि ते आपल्यामुळे, हेही त्याला कळत होतं. कळल्याने जळणं कमी होत नाही.

थोड्या वेळाने विपुलने हाक मारली. उर्मिला कवळी लावून, चष्मा काढून, शहाण्या मुलीसारखी स्टुलावर बसली होती.

"काकूंनी काही सांगितलं नाही तुम्हाला?" विपुलने विचारलं. "टाळूला बुरशी झालीय त्यांच्या. पाव फुगवायला यीस्ट घालतात ना, त्याच जातीतली, पण ही आजार करणारी. सगळी टाळू लाल झाली होती, ओठांचे कोपरे चिरले होते. साखरेच्या डॉक्टरांनी गोळी दिली, ती यांच्या साखरेच्या गोळीशी जमेना. साखर एकदम खाली गेली, घेरी आली. म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठवलं."

घेरी नाथाला आठवत होती. गेल्या महिन्यात ओट्याला धरून उर्मिला खाली बसली होती आणि म्हणाली होती, उन्हाने झालं.

"मग हा दिवा कसला?" नाथाने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण कारागिराला दुसऱ्याचं हत्यार दिसलं की राहवत नाही.

"दिव्यात एकट्यात काही नाही काका. हे निळं औषध टाळूला लावायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. ते बुरशीत शिरतं. पण अंधारात ते काही करत नाही, नुसतं बसून राहतं. त्याच्यावर हा लाल प्रकाश पडला की ते कामाला लागतं आणि बुरशी जागच्या जागी मरते. गोळीसारखं पोटात जाऊन साखरेशी भांडत नाही. असं सहा वेळा करायचं, आज तिसरी." विपुल थांबला. "पण सोमवारी गेलेली बुधवारी परत दिसते, बुधवारची आज. कारण हे."

त्याने ताटलीत उरलेल्या निळ्या पाण्याकडे आणि मग उर्मिलाच्या तोंडातल्या कवळीकडे बोट केलं. नाथाला पुढचं सांगायची गरज नव्हती. कवळीची बाहेरची बाजू तो आरशासारखी घासायचा, पण आतली, टाळूला चिकटणारी बाजू कधी घासायची नसते, नाहीतर पकड जाते. ती खरखरीत राहते, आणि चार वर्षांत त्या खरखरीत भागात काय काय घर करून बसेल, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

"रात्रंदिवस कवळी तोंडात," विपुल म्हणाला. "टाळूला हवा नाही, लाळ नाही. मी मारतो आणि कवळी परत पेरते. चार वर्षांत एक रात्र काढली नाही म्हणतात. रात्री काढून पाण्यात ठेवायची असते, हे कोणी सांगितलंच नाही का काकूंना?"

नाथाची दातखीळ बसली. सव्वीस वर्षांत त्याच्या गाळ्यातून एकही कवळी चिठ्ठीशिवाय बाहेर पडली नव्हती. छापील चिठ्ठी, मराठी, हिंदी आणि गुजरातीत: रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी. डबीत आधी चिठ्ठी, मग कवळी, हा त्याचा नेमच होता. फक्त एका कवळीला डबी नव्हती. ती त्याने रुमालात गुंडाळून, खिशात घालून घरी आणली होती. घरच्या माणसाला चिठ्ठी कोण देतं?

"सांगितलं होतं यांनी," उर्मिला म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

ती हे विपुलकडे बघून, पापणीही न हलवता बोलली. नाथाने मान खाली घातली. बायको आपल्यासाठी खोटं बोलली याचं सुख व्हायला हवं होतं, पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरं, झालं ते झालं," विपुल म्हणाला. "आता दोन आठवडे तोंड मोकळं ठेवायचं. घरात असताना कवळी लावायचीच नाही. टाळू बरी झाली की नवीन कवळी. जुनी टाकून द्यायची."

"नवीन मी करणार," नाथा एकदम उसळला. "मशिन-बिशिन नको."

"तुम्हीच करा ना काका. ही कवळी बसलीय किती सुंदर! मी माप घेऊन तुमच्याकडेच पाठवतो."

पोरगा उद्धटही नव्हता. उद्धट असता तर नाथाला किती बरं झालं असतं.

"दोन आठवडे ना?" उर्मिला उठत म्हणाली. "मग मी संचिताकडे विरारला जाते. तिथेच राहीन, तिथूनच येईन."

खाली उतरल्यावर नाथा रिक्षाकडे न जाता चौपाटीकडे चालू लागला. उर्मिला मागोमाग आली. खाडीला ओहोटी होती आणि चिखलाचा वास येत होता. दोघं बाकावर बसले, मध्ये तिसरा माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

"त्या पोरासमोर तोंड उघडलंस," नाथा म्हणाला. "आता संचितासमोर, जावयासमोर उघडणार. उद्या ममताबेनलाही दाखव."

"ममताने बघितलंय."

"काय?"

"पहिल्यांदा तिनेच बघितलं. मोबाईलचा टॉर्च लावून. तीच म्हणाली, भाभी, डॉक्टर के पास जाओ."

नाथा उठून उभा राहिला आणि परत बसला. म्हणजे लिफ्टपाशी ती बाई त्याची मजा बघत होती, की त्याला शहाणं करत होती? "म्हणजे सगळ्या जगाने बघितलं. मीच तेवढा राहिलो. मी परका!"

"तुम्ही परके नाही."

"मग माझ्यासमोर पदर कशाला घेतलास? त्याच्यासमोर हसत होतीस. मी ऐकलं ना. काय होतं एवढं हसण्यासारखं?"

"तो म्हणाला, माझ्या आजीचं बोळकं तुमच्यापेक्षा मोठं आहे."

नाथाला हे मुळीच विनोदी वाटलं नाही. उर्मिला खाडीकडे बघत सावकाश बोलली. "अहो, तुम्ही माझ्याकडे बघता ते माप घेतल्यासारखं. घरी आलात की आधी दात बघता. मी बोलत असते तेव्हा तुमचं लक्ष शब्दांकडे नसतं, वरचा दात खाली टेकतोय का त्याच्याकडे असतं. गावाला हसून दाखव म्हणता, मी हसते. पस्तीस वर्षांत माझ्याकडे एवढं कधी बघितलं नव्हतं तुम्ही. मग ते दात काढायचे कसे? काढले तर राहिलं काय, असं वाटायचं मला." तिने पदराने ओठांचा कोपरा टिपला. "त्या डॉक्टरने पहिल्या दिवशी विचारलं, काकू, दुखतं का हो खूप? तुम्ही कधी विचारलंत?"

नाथाने विचारलं, "दुखतं?"

"दुखतं."

"खूप?"

"तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं."

तीन महिने आमटी मिळमिळीत होतेय म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. एकदा तर ताट सरकवून उठला होता. तो म्हणाला, "विरारला जाऊ नकोस."

"तुमच्यासमोर मला जमायचं नाही."

"मी बघणार नाही. पाठ करून बसेन. दोन आठवडे पाठ करून बसेन, पण घरात राहा."

आणि पाठ करून बसला! हे नाथा पाष्टेने केलं, त्यामुळे हट्टानेच केलं. उर्मिलाने घरात पाऊल टाकलं की कवळी काढून वाटीत ठेवायची आणि नाथा भिंतीकडे तोंड करायचा. जेवणही तसंच. तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर बसून भाकरी खायचा, ती मागे बसून पेज प्यायची. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी तो तिला रिक्षाने जेसल पार्कला न्यायचा आणि बाहेरच्या खोलीत दात घासायच्या चित्रासमोर बसून राहायचा. आतून हसण्याचा आवाज आला की तो खुर्चीतून अर्धा उठायचा आणि परत बसायचा. पण ती हसतेय म्हणजे आज कमी दुखतंय, हेही आता त्याला समजायला लागलं होतं, त्यामुळे नीट जळताही येईना.

बघायचं नाही म्हटल्यावर ऐकण्यावाचून इलाज नव्हता. दातांशिवाय उर्मिलाचे शब्द मऊ झाले होते, काही तर हवेतच विरायचे, म्हणून कान देऊन ऐकावं लागे. आणि ती बोलायची केवढं! संचिताच्या बाळंतपणात आपण किती घाबरलो होतो, गाळा घेतला तेव्हा आपण चार महिने नवीन चप्पल घेतली नव्हती, गणपतीत हसून दाखवताना जाऊबाई कशा बघायच्या. "हे कधी सांगितलं नाहीस," भिंतीकडे बघत नाथा म्हणायचा. "ममताला सांगितलंय," मागून उत्तर यायचं, आणि नाथा दिनदर्शिकेतल्या एकादशीकडे रागाने बघायचा.

नवव्या दिवशी दुपारी जेवताना ती म्हणाली, "अहो, इकडे बघा."

"नाही. ठरलंय आपलं."

"बघा म्हणतेय ना."

नाथा वळला. उर्मिला समोर बसली होती. गाल आत गेलेले, ओठ आत वळलेले, हनुवटी वर आलेली. ज्या चेहऱ्याला तो चार वर्षं ट्यूबलाईटखाली धरत होता तो हा नव्हताच. सवयीने त्याचे डोळे काहीतरी बिघडलेलं शोधू लागले आणि त्यांना दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना. त्याची ती भांबावलेली नजर बघून उर्मिलाला हसू आलं. सगळं बोळकं उघडं टाकून ती हसली, डोळे मिटेपर्यंत हसली. नाथाला ते इतकं आवडलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. आणि त्याच श्वासात त्याला आठवलं की हे हसू त्या पोराने आपल्याआधी बघितलं. तिथे त्याला जी कळ आली ती पुढे कधीच पुरती गेली नाही.

सहा वेळा प्रकाश घेऊन झाला. दोन आठवडे संपल्यावर विपुलने टाळू दाखवली, चांगली गुलाबी झाली होती. या वेळी उर्मिलाने नवऱ्यासमोर आ केला. मग माप आलं आणि नाथा कामाला बसला. दात निवडताना त्याने तिला गाळ्यात बोलावून विचारलं, आणि तिने सगळ्यांत पांढरे बाजूला सारून जरा पिवळसर, वयाला शोभतील असे घेतले. नाथाला ते पटलं नाही, पण त्याने तेच बसवले.

कवळी गुरुवारी तयार झाली. सोमवारी दुपारी उर्मिला जेवणाचा डबा घेऊन गाळ्यात आली तेव्हा नाथा फोनवर होता.

"नाही हो डॉक्टर," तो म्हणत होता. "अजून घासायचीय. आठवडा तरी लागेल. हाताचं काम आहे, मशिन थोडंच आहे?"

उर्मिलाने डबा ठेवायला टेबलावरचा पसारा सरकवला. खाली एक प्लास्टिकची डबी होती. तिने उघडली. वर चिठ्ठी होती, चिठ्ठीखाली ओल्या कापसात नवीकोरी कवळी होती, आतून-बाहेरून पुरी झालेली.

नाथाने फोन ठेवला आणि वळून पाहिलं. काही लपवायला वेळच उरला नव्हता.

"ही कधी झाली?" उर्मिलाने विचारलं.

"गुरुवारी."

"गुरुवारी? चार दिवस मी पेज पितेय!"

"माहितेय," नाथा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तू दात लावलेस की पुन्हा सगळ्यांची होतेस. गावची, ममताबेनची, त्या डॉक्टरची. ही बिनदातांची आता फक्त माझ्यासमोर बसते."

उर्मिलाने हातातल्या कवळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. चिठ्ठी काढून तिन्ही भाषांतून सावकाश वाचली, कवळी परत कापसात ठेवली आणि झाकण लावलं.

"उद्या सकाळी लावते," ती म्हणाली. "चला, जेवायला बसा. पेज गार होतेय."